टँकरसम्राटाची काठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणासाठी चिटणीसबाईंनी मला 'उतारवयातील आहार' हा विषय सुचविला होता. विषय उपयुक्त खरा. पण मी आहारावर बोलावे, आपण माना डोलवाव्यात आणि नंतर सर्वांनी मिळून मागल्या खोलीतले बटाटेवडे संपवावेत, हे काही मला प्रशस्त वाटेना. म्हणून मी दुसरा विषय कळविला. तो ऐकून चिटणीसबाई फोनवर क्षणभर गप्पच झाल्या. विषय असा : जपानी चित्रकथांमधील हाणामारी, आणि त्या हाणामारीत हातपाय गमावलेली माणसे.

ह्या बाईला आता वयोमानाने काही तरी झाले, असे आपल्यापैकी कोणाला वाटले असेल तर तो दोष माझा नव्हे, माझ्या नातीचा. आणि विषयाचे मूळ जपानात नसून आपल्याच मांडवात आहे. तेथूनच सुरुवात करते.

गेल्या वर्षी गणपतीत आपल्या मुलांनी स्वतः लिहिलेले नाटक केले, ते आपणा सर्वांना आठवत असेलच. शंभर वर्षांनंतरचे आपले शहर, नाथसागर आटलेला, नळ गंजलेले, आणि पाण्याचा थेंबन्‌थेंब एका 'टँकरसम्राटा'च्या ताब्यात. जायकवाडीसारखे धरण उशाशी असून ज्या घरांतील बायकांनी नळाला पाणी येण्याची आठ-आठ दिवस वाट पाहिली, त्या घरांतील मुलांना भविष्यकाळ असा दिसावा ह्यात नवल काही नाही. संवाद खटकेबाज होते, लुटुपुटूच्या लढाया होत्या, शेवटी सम्राट हौदात पडतो. मला नाटक आवडले. म्हणजे बरेचसे आवडले.

टँकरसम्राट दुष्ट आहे हे प्रेक्षकांना पहिल्या क्षणी कळावे म्हणून मुलांनी त्याला एक काठी दिली आणि लंगडत चालविले. ते काम करणारा मुलगा माझ्या शेजारचाच, दहा-अकरा वर्षांचा, अतिशय गुणी. तालमी चालू असताना एका दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला.

"आजी, तुम्ही स्वयंपाकघरापासून दारापर्यंत एकदा चालून दाखवता का?"

"कशाला रे बाबा?"

"मला सम्राटाचं काम मिळालंय ना!"

मी चालून दाखविले. त्याचे समाधान होईना म्हणून पुन्हा एकदा दाखविले. त्याने बारकाईने पाहिले : डावा पाय सरळच्या सरळ बाहेरून फिरवायचा, मग टेकायचा, मग कंबर वर उचलायची. प्रयोगाच्या दिवशी त्याने ती चाल अगदी हुबेहूब वठविली. रंगमंचावर पाऊल टाकताच हशा पिकला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजविल्या. पोराने मेहनत केली होती, टाळ्या त्याच्या हक्काच्याच होत्या. घरी येऊन पायाचा लोखंडी सापळा सोडताना मात्र माझे हात नेहमीप्रमाणे चालेनात.

माझा पाय कसा गेला हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. १९५८ साली, मी तीन वर्षांची असताना ताप आला आणि पोलिओ डावा पाय घेऊन गेला. त्या काळी घरोघर ही कथा होती. आपला देश पोलिओमुक्त झाल्याचे २०१४ च्या मार्चमध्ये जाहीर झाले, तेव्हा टीव्हीसमोर बसून मी एकटीच रडले होते, आनंदानेच. माझ्यासारख्या चालीच्या बाया आता आपल्याकडे नव्याने तयार होणार नाहीत. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की ही चाल पुढच्या पोरांना फक्त नाटकातल्या दुष्टांपाशीच पाहायला मिळणार.

तर माझी नात. अकरावीत आहे. नाटकाच्या रात्री ती माझ्याहून अधिक संतापली होती. मी तिला गप्प केले, कारण सणासुदीला भांडण नको. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या कपाटातील पुस्तकांची एक चळत माझ्या खाटेवर आणून ठेवली. "आजी, हे वाच. इथे लंगडे लोक नायक असतात."

ती पुस्तके म्हणजे 'मांगा'. जपानी चित्रकथांना हे नाव आहे. इंग्रजी भाषांतरे होती, पण पाने मात्र उजवीकडून डावीकडे उलटायची. मला ते जड गेले नाही. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. त्यांची पुस्तके अशीच 'शेवटून' उघडत, हे मी लहानपणी पाहिले होते. जड गेले ते रक्त. पानेच्या पाने नुसती कापाकापी. पहिल्या दिवशी मी चष्मा काढून ठेवला. पण दुपारी झोप येत नाही आणि पायाला रग लागते, त्यामुळे हळूहळू वाचू लागले, आणि पुढे पुढे नातीच्या आधी मीच पुढचा भाग मागू लागले, हेही कबूल करते.

एक कथा आहे 'अटॅक ऑन टायटन' नावाची, हाजिमे इसायामा ह्यांची. २००९ ते २०२१ अशी बारा वर्षे ती चालली. माणसे उरलीसुरली, तीन प्रचंड तटांच्या आत कोंडलेली, आणि तटाबाहेर माणसे खाणारे राक्षस. आपल्या बावन्न दरवाज्यांच्या शहराला तटाची गोष्ट परकी वाटू नये. त्यात एर्विन नावाचा सेनापती आहे. एका लढाईत राक्षस त्याचा उजवा हात तोडतो. मला वाटले, आता हा खुर्चीत बसून इतरांना उपदेश करील किंवा सुडाने वेडा होईल. आपल्याकडे ह्या दोनच वाटा असतात. तसे काही झाले नाही. कोटाची एक बाही मोकळी सोडून तो सेनापतीच राहिला. पूर्वी होता तितकाच हुशार, आणि पूर्वी होता तितकाच निष्ठुरही. हात गेल्यामुळे तो संत झाला नाही, हे मला फार आवडले. त्याच कथेतला सर्वांत चपळ योद्धा लिवाय शेवटी चाकांच्या खुर्चीत दिसतो, आणि कोणी त्यावर हुंदके देत नाही.

पण त्याच कथेत माणसांचे दोन वर्ग आहेत. ज्यांच्या अंगी राक्षसाची शक्ती आहे त्यांचे तुटलेले हातपाय पुन्हा उगवतात. साध्या शिपायांचे नाही. हे मी नातीला दाखविले तेव्हा ती म्हणाली, "बघ, तुलाही दिसायला लागलं!"

दुसरी कथा युकितो किशिरो ह्यांची, १९९० पासूनची. 'अलिता' ह्या नावाने तिच्यावर २०१९ मध्ये इंग्रजी चित्रपटही निघाला. वर आभाळात श्रीमंतांचे शहर आणि खाली त्यांच्या कचऱ्याच्या डोंगरावर गरिबांची वस्ती. एका डॉक्टरला त्या कचऱ्यात एका मुलीचे तुटके धड सापडते. तो तिला नवे यांत्रिक शरीर देतो. त्या वस्तीत निम्म्या लोकांचे अवयव धातूचे आहेत, त्यामुळे कोणी कोणाकडे वळून पाहत नाही. वाचताना मला क्षणभर तेथे राहायला जावेसे वाटले. पण पुढे कळते, की तेथे अवयव बाजारात मिळतात, आणि वरच्या शहरात जाण्यासाठी पैसे साठविणारा एक पोरगा इतरांच्या पाठीचे कणे चोरून विकतो. पैसा असेल त्याचे अपंगत्व संपते, नसेल त्याचे शरीर दुसऱ्याचा माल होते. ही काही जपानातलीच गोष्ट नाही. एका दुकानात चांगल्या हलक्या सापळ्याची किंमत ऐकून मी पायऱ्या उतरले होते, ती आठवण अजून ताजी आहे.

आणि तिसरी कथा, जिच्यावर माझा जीव जडला, ती एका बाईने लिहिली आहे. हिरोमु अराकावा. होक्काइदो ह्या थंड बेटावर, दूधदुभत्याच्या शेतावर वाढलेली. २००१ ते २०१० ह्या काळात तिने 'फुलमेटल अल्केमिस्ट' लिहिली. दोन लहान भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणू पाहतात. ते साधत नाहीच, उलट थोरला एक पाय आणि एक हात गमावून बसतो. मग त्याला धातूचा हात आणि पाय बसवितात. सगळी कथा लष्करशाहीची, नरसंहाराची, खुनांची. पण भगिनींनो, त्या सगळ्या रणधुमाळीत एक मुलगी आहे, विन्री नावाची. ती आणि तिची आजी मिळून हे हातपाय घडवितात. पानापानावर ती मुलगी स्क्रू पिळते, तेल घालते, मोजमाप घेते, आणि तो पोरगा मारामारी करून हात मोडून आला की त्याला पाना फेकून मारते!

तेथे मी थांबले. कारण हे मला ठाऊक असलेले जग होते. लोखंडी सापळा नुसता बांधला की झाले असे नसते. गुडघ्याशी एक कडी असते; उभे राहताना ती खाली सरकवून पाय ताठ करायचा, बसताना वर ओढून मोकळा करायचा. कडी झिजली की भर रस्त्यात गुडघा दुमडतो. पावसाळ्यात चामड्याचे पट्टे फुगतात, लोखंड गंजते आणि त्याचे डाग साडीच्या काठाला लागतात. मूल वाढते तसा सापळा तोकडा होतो. अराकावाबाईंनी हे सगळे ओळखले आहे : त्यांच्या नायकाचा पाय वाढत्या वयाबरोबर बदलावा लागतो, तो बसविताना जिवघेण्या वेदना होतात, बर्फाच्या मुलखात धातू गोठून अंग जळू नये म्हणून निराळ्या धातूचा हात लावावा लागतो. चित्रपटातल्या कोणत्या नायकाला आपण कधी पायाला तेल घालताना पाहिले?

गुलमंडीच्या पलीकडे एक कारागीर बसत असत. चपला शिवायचे त्यांचे काम. पण चाळीस वर्षे माझे पट्टे त्यांनीच शिवले. मापासाठी पायाला हात लावण्यापूर्वी ते दर वेळी विचारीत, "ताई, लावू का?" मोठमोठ्या डॉक्टरांनी हे कधी विचारले नाही. विन्रीला पाहिले आणि ते गृहस्थ आठवले. जयपूर पायाचेही असेच आहे. १९६८ साली तो पाय तयार झाला. त्याने अनवाणी चालता येते, शेतात उतरता येते, मांडी घालून बसता येते. डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांचे नाव त्यासाठी जगभर गेले, त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि ते योग्यच झाले. पण रबर-लाकडाचा तो पाय ज्यांच्या हातांनी घडला ते कारागीर रामचंद्र शर्मा. त्यांचे नाव किती जणींना ठाऊक आहे? जपानी बाईने मात्र कारागिराला कथेच्या मध्यभागी बसविले, आणि ती कारागीर मुलगी केली.

आता आपल्या घरात पाहू. परक्यांचे गुण गाताना आपले झाकून ठेवू नये, आणि आपल्यांना उगाच झोडपूही नये.

महाभारत मालिकेतला शकुनी आठवा. १९८८ ते १९९० ही दोन वर्षे रविवारी सकाळी सगळे शहर टीव्हीपुढे असे. शकुनी लंगडत येई, आणि आमच्या घरी जमलेली मुले माझ्याकडे चोरून पाहत. व्यासांच्या महाभारतात शकुनी लंगडा असल्याचे वर्णन नाही. ते लंगडणे मागाहून आले, टँकरसम्राटाची काठी आली तशीच. मंथरा तर मुळातच कुबडी. पण गंमत पाहा : भागवतातली कुब्जाही कुबडी, ती कृष्णाला चंदन देते आणि कृष्ण तिला सरळ करतो. दुष्ट असेल ती वाकडीच राहते, भली असेल ती सरळ होते. मी लहान असताना हे ऐकून ठरविले होते की भले वागायचे. पुष्कळ वर्षे भले वागून पाहिले. पाय काही सरळ झाला नाही.

वेरूळच्या लेण्यांत शंकराच्या शिल्पांमध्ये एक हाडांचा सापळा असलेला भृंगी दिसतो. पार्वतीला वगळून एकट्या शंकराला प्रदक्षिणा घालण्याचा त्याने हट्ट धरला, म्हणून त्याचे रक्तमांस गळून पडले, अशी कथा. त्याला उभेही राहवेना, तेव्हा शंकराने त्याला तिसरा पाय दिला. म्हणजे कुबडीच की! ज्याची चूक त्याचे शरीर मोडते, हा जुना हिशेब येथेही आहेच. पार्वतीचा अपमान झाला म्हणून आपण बायका भृंगीची बाजू घ्यायला कचरतो. मी मात्र त्या तिसऱ्या पायाकडे पाहत राहते.

आणि तेरचे गोरोबाकाका, आपल्या मराठवाड्याचे. शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडून घेतले, ही कथा आपण कीर्तनात ऐकलेली आहे. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात त्यांना हात फुटले, येथे सगळे डोळे पुसतात. पण मला मधला भाग अधिक प्रिय आहे. हात नसलेल्या त्या घरात पांडुरंग स्वतः गडी होऊन राहिला आणि मडकी घडवीत बसला. हात फुटणे हा चमत्कार. पण हात नसतानाच्या दिवसांत कोणी तरी चिखल तुडविला, चाक फिरविले, हेही कथेने सांगितले आहे. 'शोले'ने एवढेही केले नाही. १९७५ च्या त्या चित्रपटात ठाकूरचे दोन्ही हात गब्बर तोडतो, आणि आपण शालीकडे पाहून हळहळतो. मागे रामलाल नावाचा नोकर सावलीसारखा उभा असतो. रोजची आंघोळ, जेवणाचा घास, गुंडी लावणे, ह्याचा भार त्या घरात कोणावर किती पडला असेल, हा प्रश्न त्या कथेला पडतच नाही. ठाकूरने सूड घेतला की त्याचे हात नसणे वसूल झाले.

येथेच माझा आणि नातीचा वाद झाला. ती म्हणते, जपानी कथेत मोडका माणूस नायक असतो, म्हणजे त्या पुढारलेल्या. मी म्हणते, अगं, नीट बघ. त्यांचा एक जुना चित्रकार, ओसामु तेझुका, त्याने १९६७ साली 'दोरोरो' सुरू केली. त्यात राज्याच्या लोभाने बाप आपल्या न जन्मलेल्या मुलाचे अठ्ठेचाळीस अवयव राक्षसांना देऊन टाकतो. ते मूल एका वैद्याकडे वाढते, खोट्या हातांत तलवारी घेऊन फिरते, आणि एकेक राक्षस मारला की एकेक अवयव परत मिळतो. कथा थोर आहे. पण येथे काय, तेथे काय, तुटलेल्या हाताच्या जागी तलवार किंवा तोफ तरी हवी, नाही तर शेवटी खरा हात परत तरी हवा. मोडका चालेल, पण दुबळा चालणार नाही! माझ्या सापळ्यातून तलवार निघत नाही. त्यातून कुरकुर निघते.

नात थोडा वेळ विचार करून म्हणाली, "पण आजी, अराकावाच्या शेवटी हात परत मिळतो, पाय धातूचाच राहतो. आणि त्याचं लग्नही होतं, विन्रीशीच." हे मात्र मला मान्य करावे लागले. त्या पोराचा डावा पाय. माझाही डावाच.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ह्या बाबतीत बोलून ठेवले आहे. 'आंख मिचोली' ह्या हिंदी चित्रपटात अपंगांची थट्टा केली म्हणून निपुण मल्होत्रा ह्यांनी दाद मागितली होती. ८ जुलै २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड ह्यांच्या पीठाने निकाल दिला. चित्रपटावर बंदी घातली नाही; पण पडद्यावर अपंग माणूस कसा दाखवावा ह्याची दिशा सांगितली. अपंगाला हिणविणारा विनोद वेगळा आणि अपंगत्व समजावून देणारा विनोद वेगळा, असा भेद केला. नुसता केविलवाणा दाखवू नका, आणि अचाट पराक्रमीही दाखवू नका, असेही म्हटले. आणि मुख्य म्हणजे, आमच्याविषयी जे करायचे ते आम्हांला बरोबर घेऊन करा. तो निकाल नातीने मला वाचून दाखविला तेव्हा मला शेजारचा मुलगाच आठवला. खरे पाहता त्याने मला विचारले होते. सगळ्या मांडवात त्याने एकट्यानेच विचारले होते! फक्त प्रश्न चुकीचा विचारला. 'कसे चालता' असे विचारले. 'दुष्ट माणूस असा चालतो हे तुम्हांला चालेल का' असे विचारले नाही. आणि मीही त्याला ते सांगितले नाही. 'बरोबर घेऊन' ह्यात दोन्ही बाजूंनी बोलावे लागते, आणि मी तर सत्तर वर्षे गोड हसून वेळ मारून नेण्यात तरबेज झालेली.

त्या वेळी कोणाला बोलले नाही, ते आज सर्वांसमोर बोलत आहे. कोणावर राग नाही. मुलांवर तर मुळीच नाही.

लहानपणी अंगणात मैत्रिणी लंगडीचा डाव मांडीत, तेव्हा मला खेळता येत नसे. मी ओट्यावर बसून आकडे मोजी. एकदा एक मैत्रीण दम लागून धापा टाकीत माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तू रोज असं कसं गं चालतेस? मला तर दहा घरं होत नाहीत." तिला हसू आले, मलाही आले. तोच विनोद मला आजही चालतो. हशा कोणाच्या खर्चाने आहे, एवढेच पाहायचे असते.

यंदाचे नाटक त्याच टँकरसम्राटाचा दुसरा भाग आहे, असे कळले. मुली-मुलांनी माझ्याकडे येऊन कथा वाचून दाखविली. सम्राट हौदातून जिवंत निघाला आहे, आणि अजून दुष्टच आहे. काठी मात्र गेली. त्याऐवजी तो सारखा हात धुतो, पाण्याची उधळपट्टी करतो. दुष्टपणा दाखवायची ही खूण मला जास्त पटली. मला त्यांनी एका पुण्यवान आजीबाईचे काम देऊ केले. तिने पहिल्या अंकात सर्वांना आशीर्वाद द्यायचा आणि दुसऱ्या अंकात मरायचे. मी नकार दिला. व्हॉल्व्हची चावी चोरणारी एक बाई कथेत आहे, थोडी लबाड, थोडी शिवराळ. ते काम मी मागितले आहे. ती चावी सापळ्याच्या पट्ट्यात लपवता येईल, ही युक्ती मीच सुचविली, आणि शेजारच्या मुलाने ती लगेच वहीत लिहून घेतली. ती बाई लंगडते ह्याविषयी नाटकात एक शब्दही नाही.

एकच अडचण उरली आहे. तालीम येत्या रविवारी दुपारी चार वाजता वरच्या सभागृहात, असे फलकावर लिहिले आहे. वर जायला अठरा पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला आहे. चिटणीसबाईंनी तालीम खालच्या ओट्यावर घ्यायची व्यवस्था करावी, आणि मुलांना तसे आजच कळवावे, ही विनंती.